बाळाच्या नावांचं ॲप, ‘नूर’ टाकून तपासलं: ३ स्टार

नावांचं ॲप कितपत चांगलं आहे हे बघायचं असेल ना, तर ‘नूर’ शोधून बघा. हे नाव मुलालाही ठेवतात, मुलीलाही ठेवतात, आणि किती देशांत, किती धर्मांत फिरलंय! मला ॲपमध्ये मिळालं ते एवढंच: मूळ अरबी, अर्थ प्रकाश, मुलगी. बास.

अर्थ बरोबरच आहे. पण ज्या अरबी धातूपासून नूर आलं त्याच्यातूनच अन्वर, मुनीर, तन्वीर ही नावं निघाली, मिनार पण तिथलाच, मुळात उजेडाची जागा, आणि ज्यू लोकांचा मेनोरा म्हणजे तो फांद्याफांद्यांचा दिवा, तोही हिब्रूतून याच घराण्यातला. हे वाचल्यावर नावाला केवढं वजन येतं! ॲपमध्ये यातलं अक्षरही नाही. मलेशियात नूर, नूरुल करत मुलींच्या कितीतरी नावांची सुरुवात होते, पंजाबीत हरनूर मुलगाही असतो, मुलगीही, आणि नेदरलँड्समध्ये नूर म्हणजे चक्क एलिओनोराचं छोटं रूप. एवढं सगळं सोडून नुसतं ‘मूळ अरबी’ लिहून कसं चालेल?

सगळ्यात खटकलं ते ‘मुलगी’. अहो, अफगाणिस्तानचा स्पिनर नूर अहमद काय मुलगी आहे का? नूर मोहम्मद तराकी १९७८ मध्ये त्याच देशाचे सर्वेसर्वा झाले होते. मुलासाठी शोधणाऱ्याला, फिल्टर लावला की, हे नाव दिसतच नाही, म्हणजे एक छान नाव हातचं गेलं.

प्रसिद्ध व्यक्तींमध्ये फक्त नूरजहाँ दिलीये, आणि तिचं तर ते जन्माचं नाव पण नाही, मूळची मेहरुन्निसा, नूरजहाँ हा किताब जहांगीरने दिलेला. खरं तर इथे नूर इनायत खान हवी होती. १९१४ मध्ये मॉस्कोत जन्म, वडील भारतीय सूफी संगीतकार, आई अमेरिकन. १९४३ मध्ये ब्रिटिशांनी तिला रेडिओ ऑपरेटर म्हणून जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये पाठवलं, सोबतचे लोक भराभर पकडले जात होते तरी ती पॅरिसमधून संदेश पाठवतच राहिली. १९४४ मध्ये दाखाउच्या छळछावणीत तिला मारलं, १९४९ मध्ये मरणोत्तर जॉर्ज क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्यपदक. आपल्या मुलीचं नाव नूर ठेवणाऱ्याला ही बाई माहीत असायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं.

चांगलं काय, तर उच्चार ऐकायचं बटण, ‘नू’ नीट लांबवून म्हटलंय, आणि जाहिराती फार मध्ये मध्ये येत नाहीत. स्पेलिंगचा मात्र घोळ आहे, डबल ओ, ओयू आणि नुसता यू अशा तीन वेगळ्या नोंदी, एकीवरून दुसरीवर जायला लिंकच नाही, आणि ओयूवालीत अर्थाची जागा रिकामी!

नावांची पहिली यादी काढायला ॲप ठीक आहे, पण नाव पक्कं करताना याच्यावर विसंबू नका. बनवणाऱ्यांना एकच सांगणं, निदान ‘दोघांसाठी’ असा तिसरा पर्याय तरी द्या, पुढच्या अपडेटमध्ये तो आला तर एक स्टार लगेच वाढवते.