दुबईतील मराठी व्यावसायिकांच्या मंडळात नव्या सभासदाचे स्वागत : नाशिकहून गेलेल्या एका बेदाणा व्यावसायिकाचा अभिप्राय

निफाड तालुक्यात बेदाणा तयार करून नाशिकमध्ये तो पाकीटबंद करण्याचा आमचा घरचा व्यवसाय आहे. गेल्या वर्षी पुतण्याने दुबईत कंपनी नोंदवली आणि आम्ही तेथील मराठी व्यावसायिकांच्या एका मंडळाचे सभासद झालो. पुढे काही तक्रारी लिहायच्या असल्यामुळे मंडळाचे नाव देत नाही. द्राक्षे, कांदा, मसाले किंवा सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले सुटे भाग घेऊन आखाताकडे निघालेले परिचित अशा मंडळांची वर्गणी भरावी का, असे वारंवार विचारतात. हा अभिप्राय मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

प्रथम स्वागत समारंभाविषयी. बर दुबईतील एका हॉटेलच्या सभागृहात सायंकाळी सातचा कार्यक्रम पावणेआठला सुरू झाला, त्यानंतर पदाधिकाऱ्यांचे परस्परांना पुष्पगुच्छ देणे सुमारे चाळीस मिनिटे चालले आणि ज्यांच्यासाठी हा समारंभ होता त्या आम्हा नव्या सभासदांना ओळख करून देण्यासाठी प्रत्येकी एक मिनिट मिळाले. नाशिकच्या सभागृहांत वाढलेल्या माणसाला सत्काराला लागणारा वेळ परका नाही. पण चार दिवसांसाठी गेलेल्या व्यापाऱ्याला त्यातली एक संध्याकाळ अशी जाणे परवडत नाही. जेवणाच्या रांगेत भेटलेल्या पहिल्या चौघांपैकी तिघे विमा किंवा कंपनी नोंदणीची सेवा विकणारे निघाले. बटाटेवडा मात्र उत्तम होता, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

सभासद होताना मिळालेल्या माहितीपत्रकाबाबतही समाधान नाही. त्यात मंडळाचा इतिहास चार पाने आहे. संयुक्त अरब अमिरातीत जानेवारी २०२२ पासून सरकारी साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवारी असते आणि शुक्रवारी दुपारी बारानंतर सरकारी कार्यालये बंद होतात, ही एका ओळीची माहिती मात्र नाही. गावाकडे अजूनही ‘तिकडे शुक्रवार सुट्टीचा’ असेच सांगितले जाते, म्हणून रविवार कामाचा समजून आम्ही त्या दिवशी दोन भेटी ठरवल्या आणि दोन्ही वाया गेल्या. चूक आमची होतीच, पण नव्या माणसाला पहिल्या दिवशी द्यायची माहिती ती हीच.

इतके असूनही वर्गणी वसूल झाली, आणि ती केवळ एका व्यवस्थेमुळे. मंडळ प्रत्येक नव्या सभासदाला तीन महिन्यांसाठी एक ‘पालक सभासद’ नेमून देते. आमच्या वाट्याला आलेले गृहस्थ देरा भागात सुक्या मेव्याच्या व्यापारात तीस वर्षे घालवलेले. सगळे त्यांना काकाच म्हणतात. समारंभाला ते रात्री नऊनंतर आले आणि दोनच वाक्ये बोलले: “उद्या सकाळी अल रासला या. येताना पाकीट आणा.”

दुसऱ्या दिवशी देरातल्याच अल रासच्या बाजारात त्यांनी आमचे अर्ध्या किलोचे पाकीट हातात घेतले, समोरची द्राक्षाच्या घडाची छपाई पाहिलीही नाही, आणि थेट उलटे केले. “दादा, अरबी कुठे आहे?” आम्ही वेगळी चिकटपट्टी लावणार असल्याचे सांगितले. त्यावर त्यांनी समजावले की घटक आणि नाव यांचे अरबी भाषांतर चिकटपट्टीवर चालू शकते, परंतु उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख मूळ पाकिटावरच न पुसणाऱ्या शाईने छापलेली लागते. मग पाकीट फोडून त्यांनी मूठभर बेदाणा तळहातावर पसरला, अंगठ्याने चोळला, दोन देठ वेगळे काढून माझ्यासमोर ठेवले आणि विचारले, “गंधकाची धुरी दिली आहे ना? लिहिले का नाही?” या धुरीमुळे मालात राहणाऱ्या सल्फर डायऑक्साइडचे प्रमाण किलोमागे १० मिलिग्रॅमच्या वर असेल तर त्याचा उल्लेख पाकिटावर करावाच लागतो. सोनेरी रंगासाठी आम्ही धुरी देतो, आणि ती लिहिण्याची गोष्ट आहे हे नाशिकमध्ये आम्हाला कोणी सांगितले नव्हते. छपाईसाठी तयार असलेले वीस हजार पाकिटांचे काम त्याच दुपारी फोन करून थांबवले.

शेजारच्या दुकानांत इराणी आणि अफगाणी मनुकांची पोती उघडी होती. काकांनी दोन्हींचा दाणा चाखायला दिला आणि आमचा माल कोणाशी, कोणत्या भावात स्पर्धा करणार हे पंधरा मिनिटांत समजले.

शुल्काचा विषयही त्यांनीच सोडवला. तेथे सर्वसाधारण आयात शुल्क ५ टक्के आहे. भारत आणि अमिराती यांच्यातील १ मे २०२२ पासून लागू झालेल्या करारामुळे भारतातून जाणाऱ्या बऱ्याच मालाला त्यातून सवलत मिळते, मात्र त्या कराराच्या नमुन्यातले मूळदेश प्रमाणपत्र सोबत नसेल तर ती मागता येत नाही. आमच्या दलालाने साधे प्रमाणपत्र काढण्याची तयारी केली होती.

मंडळाचे ऑनलाइन करमार्गदर्शनही चांगले होते. मूल्यवर्धित कराची नोंदणी ३,७५,००० दिरहमच्या करपात्र उलाढालीनंतर सक्तीची होते, आणि ९ टक्के कंपनी कर ३,७५,००० दिरहमच्या वरच्या नफ्यावर लागतो. आकडा एकच असल्यामुळे नवखे लोक उलाढाल आणि नफा यांची गल्लत करतात, शिवाय नफा कमी असला तरी कंपनी कराची नोंदणी टळत नाही, हे वक्त्यांनी उदाहरणांसह मांडले. तेथील रात्रीचे आठ म्हणजे आपले साडेनऊ, त्यामुळे नाशिकमध्ये दुकान बंद करूनही ते ऐकता आले.

एक उणीव मात्र मोठी आहे. ही सगळी रचना तेथे राहणाऱ्यासाठी केलेली आहे. व्हॉट्सअॅप गटावर घरभाड्याच्या आगाऊ तारखांच्या धनादेशांपासून शाळाप्रवेशापर्यंत दिवसाला शंभर संदेश येतात आणि त्यांत मालाविषयीचा एखादा कामाचा संदेश हरवतो. नाशिकमध्ये बसून माल पाठवणाऱ्यांसाठी वेगळा गट करावा, असे मी दोनदा लेखी सुचवले. उत्तर आलेले नाही. पालक सभासद मिळणे हाही नशिबाचा भाग दिसतो, कारण आमच्याबरोबर आलेल्या पिंपळगावच्या एका द्राक्ष निर्यातदाराला बांधकाम क्षेत्रातले गृहस्थ मिळाले. त्यांनी आपुलकीने जेवू घातले. पण फळांच्या बाजारासाठी अल अवीरला कोणाला भेटावे, हे त्यांना सांगता आले नाही. तेव्हा अर्ज भरतानाच आपल्या मालाच्या व्यवसायातला पालक मागून घ्यावा, आणि तसा नसल्यास वर्गणीचा पुन्हा विचार करावा. नुसते ग्राहक मिळतील या आशेने सभासद होणाऱ्याची निराशा होईल. आम्हाला मंडळातून आजवर एकही खरेदीदार मिळालेला नाही.

दुसऱ्या वर्षाची वर्गणी आम्ही भरली आहे. यंदाच्या नव्या सभासदांच्या स्वागताला पुतण्या जाणार आहे. त्याला नऊनंतरच जा म्हणून सांगितले आहे, काकाही तेव्हाच येतात.