पुस्तक, आवाज, खोली की इंटरनेट? किनाऱ्यावरच्या गावाचा इतिहास जपताना

शेजारच्या गावातली मंडळाची मुलं गेल्या महिन्यात आमच्या वाचनालयात आली होती. गाव गोव्याच्या पेडणे तालुक्यातलं, समुद्राला लागून. थोडी देणगी जमली आहे, कामाला चार-पाच जण आहेत आणि देवळाशेजारची एक खोलीही मिळतेय. "गावाचा इतिहास जपायचा तर पुस्तक काढू, रेकॉर्डिंग करू, की संग्रहालय उघडू?" असा त्यांचा प्रश्न होता. दोन संध्याकाळी बोलणं झालं. त्यातलं इतरांच्या उपयोगाचं इथे लिहितो, कारण हाच प्रश्न आता केरीपासून मोरजीपर्यंत कुठल्याही वाड्यावर ऐकू येतो.

पुस्तकाची बाजू भक्कम आहे. पुस्तकाला वीज लागत नाही, पासवर्ड लागत नाही आणि ते मुंबईतल्या चुलत्याच्या कपाटातही टिकतं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाची ओळख पटवणारा क्रमांक, आपल्या देशात फुकट मिळतो. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना प्रत द्यायची असते, म्हणजे गावाबाहेर चार प्रती आपोआप सुरक्षित होतात. पाचवी पणजीला पाटो इथल्या कृष्णदास शामा ग्रंथालयात नेऊन द्या. १८३२पासून चालत आलेलं ते ग्रंथालय आपली प्रत सांभाळेल.

अडचण अशी की पुस्तक एकदा छापलं की संपलं. देवळातल्या मानापानाबद्दल, कोणत्या घराण्याने आधी वस्ती केली याबद्दल दोन घरं दोन गोष्टी सांगतात. पुस्तकात एकच येते, आणि दुसरं घर कायमचं दुखावतं. देणगीदारांचे फोटो आणि शुभेच्छांची पानं वाढत जातात ते वेगळंच.

माझा अनुभव स्मरणिकेचा आहे. एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवासाठी आम्ही घरोघरी फिरून जुने फोटो गोळा केले आणि ते तसेच छापखान्यात दिले. काही परत आलेच नाहीत. एका आजीकडे तिच्या नवऱ्याचा एकच फोटो होता, बोटीवर नोकरीला जाण्याच्या आदल्या दिवशी काढलेला. स्मरणिकेत तो दोन इंचांत छापला आहे, आणि आता तेवढाच उरला आहे. त्या आजीसमोर उभं राहणं मला आजही जड जातं. म्हणून पहिली अट हीच धरा: मूळ वस्तू घराबाहेर न्यायची नाही. स्कॅनर त्या घरी न्या, तिथल्या ओट्यावर काम करा. स्कॅनची बारकाई डीपीआयमध्ये मोजतात: कागदपत्रांना ३०० डीपीआय पुरतं, फोटोंना ६०० ठेवा. दमट हवेमुळे फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढून काढू नका, काचेसकटच त्याचं छायाचित्र घ्या. फोटो सुटा असेल तर मागची बाजूही स्कॅन करा. शाईत लिहिलेलं नाव, गाव, तारीख बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

आता आवाज. माझा कल सरळ याच बाजूला आहे, आणि का ते जरा सविस्तर सांगतो.

आपल्या किनाऱ्याचा जो इतिहास कागदावर आहे, तो बहुतेक जमिनीचा, कराचा आणि देवस्थानचा. पणजीचं पुराभिलेखागार १५९५ सालचं आहे. तिथे पोर्तुगीज दप्तरं आहेत, मोडी कागद आहेत, ते उद्याही राहतील. पेडणे तर १७८८ साली पोर्तुगिजांकडे गेलं. त्याआधीचा कारभार सावंतवाडीचा, म्हणजे मोडी वाचणारा आणि पोर्तुगीज वाचणारा असे दोघे मिळाले की ते काम दहा वर्षांनीही करता येईल. पण रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्याचं ज्ञान कुठल्याच दप्तरात नाही. मासळीच्या जागेवर परत यायचं तर तो किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरायचा: देवळाचं शिखर आणि मागच्या डोंगराची खिंड, किंवा एखादा उंच माड आणि खडप, म्हणजे समुद्रातला खडक. त्या खडपांना नावं आहेत. आता मधे इमारती उभ्या राहिल्या, खुणा झाकल्या गेल्या, आणि ती नावं घेणारी माणसं ऐंशीच्या घरात आहेत.

आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्या रापणकाराचं आम्ही तासभर रेकॉर्डिंग केलं. जाळ्याला दोर कसा बांधायचा हे त्यांनी फार मन लावून सांगितलं. घरी येऊन ऐकलं, तर आवाज येतो तो एवढाच: "अशी धरूची, नि अशी फिरवूची." मधे लांब शांतता. त्यांचे हात बोलत होते आणि आमच्याकडे फक्त कान होते. पुन्हा गेलो, दोरीचा तुकडा त्यांच्या हातात दिला आणि मोबाइल तिवईवर लावून त्यांच्या बोटांवर धरला. या वेळी सगळं आलं, वर त्या गाठीचं नावही आलं, जे पहिल्या खेपेला त्यांनी उच्चारलंच नव्हतं. आठवणींना आवाज पुरतो, हाताच्या कामाला चित्रण हवं.

खर्च कमी आहे. कॉलरला लावायचा साधा माइक आणि मोबाइल एवढ्यावर सुरुवात होते. मूळ फाइल वाव्ह या न दाबलेल्या प्रकारात ठेवली तर उत्तम दर्जाच्या दुहेरी ध्वनीचा एक तास साधारण एक जीबी होतो, ऐकायला देण्याची एमपी३ प्रत साठेक एमबीत बसते. तीन प्रती करा, त्यातली एक गावाबाहेर. सुरुवातीलाच बोलणाऱ्याची संमती त्याच्याच आवाजात घ्या, आणि "हे कुणाला ऐकवू नका" असं त्याने एखाद्या भागाबद्दल म्हटलं तर तो भाग वेगळा ठेवा.

कष्ट मात्र नंतर आहेत. तासाभराचं बोलणं लिहून काढायला चार-सहा तास सहज जातात. आणि इथे भाषेचा प्रश्न येतो. आपल्याकडे माणसं बोलतात कोंकणी, पेडण्याच्या वळणाची, आणि पत्र, पोथी, नाटकाची संहिता लिहितात मराठीत. बोलणं जसंच्या तसं उतरवा, मराठीत 'शुद्ध' करू नका. सूची, मथळे आणि माहिती मराठीत ठेवा. दोन्ही आपलंच आहे.

खोलीबद्दल मी मुलांना स्पष्टच नको म्हटलं. बाणावलीचं 'गोवा चित्र' हे संग्रहालय पाहून कुणालाही वाटतं की आपल्याही गावात असं काही असावं. पण तिथे व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी वर्षानुवर्षं अवजारं गोळा केली, जपली, त्यांची माहिती नोंदवली. आपल्या खोलीत जून ते सप्टेंबर खारट ओल, बुरशी, कसर आणि वाळवी असते. किल्ली कुणाकडे राहणार, रोज दार कोण उघडणार, याचं नाव सांगता येत नसेल तर वल्ही आणि पेटारे ज्यांच्या घरी आहेत तिथेच बरे आहेत. त्यांचे फोटो आणि मापं घ्या.

इंटरनेटवर दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हॉट्सअॅप आणि फेसबुक ओळख पटवायला फार कामाचे. फोटोतला डावीकडून तिसरा कोण, हे दुबईतून दहा मिनिटांत कळतं. पण व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करतं आणि चार दिवसांनी ती ओळख शेकडो संदेशांखाली जाते. मिळालेलं नाव त्याच दिवशी वहीत उतरवा. विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या मुक्त भांडारात, फोटो मूळ आकारात टिकतो आणि जगाला दिसतो, पण मुक्त परवान्याने द्यावा लागतो, तेव्हा हक्क कुणाचा ते आधी पाहा. पैसे देऊन स्टुडिओत काढून घेतलेल्या फोटोचा हक्क आपल्या कायद्यात, वेगळा करार नसेल तर, सहसा काढून घेणाऱ्याचा असतो. विकिपीडियावर छापील आधार मागतात. आजोबांनी सांगितलं, हे तिथे चालत नाही, स्वतः छापलेलं पुस्तकही जपूनच घेतलं जातं.

छापील आधार आणि आठवण यांतला फरक पाहायचा तर तेरेखोलचंच घ्या. १५ ऑगस्ट १९५४ला सत्याग्रहींनी पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या तिथल्या किल्ल्यावर तिरंगा फडकवला, हे नोंदलेलं आहे. त्या दिवशी खाडीच्या अलीकडे केरीत लोकांनी काय पाहिलं, दारं लावून घेतली की किनाऱ्यावर धावले, हे ज्यांना आठवतं ती त्या वेळची मुलं आज सत्तरी-ऐंशी ओलांडलेली आहेत.

म्हणून मुलांना मी हा क्रम दिला. आधी ऐंशीच्या पुढच्या सगळ्यांची यादी आणि रेकॉर्डिंग. त्याच फेरीत घरोघरी स्कॅनिंग. दोन वर्षांनी त्यातूनच लहानसं पुस्तक, ज्यात दोन घरांच्या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी छापता येतील. खोलीचा विचार त्यानंतर.

वेळही सांगून ठेवतो. कागद आणि फोटोंचं काम फेब्रुवारी ते मे, पाऊस लागण्याआधी. जून-जुलैत मासेमारी बंदी असते, रापणकारही घरी असतात, पण पत्र्यावरच्या पावसाने रेकॉर्डिंग बुडतं, तेव्हा मातीच्या कौलांचं घर किंवा देवळाचा आतला सभामंडप शोधा. गणेश चवथीला मुंबईची माणसं गावी येतात. त्यांना आत्ताच फोन करा आणि ट्रंकेतले अल्बम सोबत आणायला सांगा.