रीडिंग लिस्टमध्ये फुले शोधताना: दहा महिने वापरल्यानंतरचा अनुभव

गेल्या सप्टेंबरपासून लायब्ररीची रीडिंग लिस्ट सिस्टिम, म्हणजे मुलांनी काय वाचायचं त्याची ऑनलाइन यादी, वापरतेय, दहा महिने झाले, आता बोलायला हरकत नाही. मी इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका विद्यापीठात एकोणिसाव्या शतकातल्या भारतातल्या समाजसुधारणेवर दहा आठवड्यांचं मॉड्यूल शिकवते, वर्गात ३८ पोरं. इकडे बऱ्याच विद्यापीठांत त्यासाठी टॅलिस अस्पायर किंवा लेगांटो हे सॉफ्टवेअर, नाहीतर त्याच जातीचं काहीतरी असतं. आमच्याकडे कुठलं ते सांगत नाही, कारण खालच्या रडगाण्यातलं निम्मं माझ्याच चुकांचं आहे.

ज्यांनी कधी बघितलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्राउझरला एक बटण जोडायचं, मग लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये किंवा जेस्टोर या संशोधन लेखांच्या साइटवर एखादं पान उघडं असताना ते दाबलं की लेखक, वर्ष, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) सगळं आपोआप भरून येतं. तो आयटम हव्या त्या आठवड्यात टाकायचा, 'वाचायलाच हवं', 'वाचलं तर बरं' की 'जास्तीचं' ते ठरवायचं, पब्लिश करायचं. लिस्ट लायब्ररीकडे तपासायला जाते आणि ते लोक पुस्तक विकत घेतात, लिंक तपासतात, हवं असेल तर प्रकरण स्कॅन करतात. मुलांना सगळं मूडलमध्येच, म्हणजे कोर्सच्या वेबसाइटवरच, दिसतं.

पुण्यात एमए करताना आमची रीडिंग लिस्ट म्हणजे झेरॉक्सवाल्या काकांकडे ठेवलेला गठ्ठा. सरांनी फक्त सांगायचं, 'माझ्या नावाने ठेवलंय'. दिल्ली विद्यापीठातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या झेरॉक्सच्या दुकानावर मोठ्या परदेशी प्रकाशकांनी २०१२ मध्ये केस टाकली तेव्हा आम्हाला धडकीच भरलेली, पण २०१६ मध्ये दिल्ली हायकोर्टाने शिकवण्यासाठी असे कोर्स पॅक, म्हणजे झेरॉक्सचे गठ्ठे, करायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये जागा आहे असं म्हटलं. त्या सवयीतून इकडे आले आणि पहिल्याच आठवड्यात स्वतः स्कॅन केलेल्या पीडीएफ सरळ मूडलवर चढवल्या. दोन दिवसांत लायब्ररीतून अतिशय गोड शब्दांत मेल. इथे असं चालत नाही. विद्यापीठ कॉपीराइट लायसन्सिंग एजन्सीला म्हणजे सीएलएला पैसे भरतं आणि त्या लायसन्समध्ये एका मॉड्यूलसाठी एका पुस्तकातलं एक प्रकरण किंवा १० टक्के, यातलं जे जास्त भरेल ते स्कॅन करता येतं. मला २४० पानी पुस्तकातली दोन प्रकरणं हवी होती, एक २२ पानांचं आणि एक १९. मिळून ४१, आणि १० टक्के म्हणजे २४. मग बसा एक निवडत. गंमत म्हणजे ३१ पानांचं एकच प्रकरण मागितलं असतं तर काही अडचण नव्हती.

लिंकांचा घोळ तर पूर्ण माझा. ॲड्रेस बारमधली लिंक उचलून लिस्टमध्ये चिकटवली, ऑफिसमधून उघडत होती म्हणून निश्चिंत, आणि रविवारी रात्री घरून वाचायला बसलेल्या पोरांना पैसे भरा असं पान. डीओआय (लेखाचा न बदलणारा ऑनलाइन क्रमांक) असेल तर तोच टाका. इपीडब्ल्यू म्हणजे इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीचे जुने लेख असतील तर जेस्टोरवर लेखाशेजारी जी कायमची लिंक दिलेली असते ती घ्या, वरच्या बारमधली नको. दुसरी चूक 'वाचायलाच हवं'ची. मी सगळंच आवश्यक म्हणून टाकलं कारण माझ्या दृष्टीने होतंच की, आणि लायब्ररीतून प्रश्न आला की दहा आठवड्यांसाठी ४२ आवश्यक वाचनं असं खरंच म्हणायचंय का? तेव्हा कळलं की किती प्रती घ्यायच्या ते त्या टॅगवर आणि मुलांच्या संख्येवर ठरतं. आता दर आठवड्याला दोनच.

आता मुख्य गोष्ट, मराठी पुस्तकं. फुल्यांची 'गुलामगिरी' (१८७३) लिस्टमध्ये टाकायची होती, कॅटलॉगमध्ये रोमन लिपीत साध्या स्पेलिंगने शोधलं तर काही नाही. मला वाटलं यांच्याकडे नाहीच. होतं! लायब्रऱ्यांची मराठी रोमन लिपीत लिहायची एक ठरलेली पद्धत आहे, त्यात आपण न उच्चारलेला प्रत्येक 'अ' लिहितात. म्हणजे गुलामगिरीतल्या 'म'ला एक ए जास्तीचा, कुलकर्णीतल्या 'ल'ला पण, केतकर तर शेवटी ए लागून थेट 'केतकरा' होतात, आणि जोतीराव होतात 'जोतीरावा'. मोठ्याने वाचलं तर कर्नाटकातून आलेत असं वाटतं. हे एकदा कळल्यावर मला त्याच लायब्ररीत एक अख्खं मराठी शेल्फ सापडलं जे मी वर्षभर नाही म्हणून सांगत फिरत होते. शिवाय जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएन नसतो, त्यामुळे ते जादूचं बटण तिथे बावळटासारखं कोरा फॉर्म दाखवतं, सगळं हाताने भरायचं.

इथे कामाला आला तो फॉर्मच्या तळाशी असलेला 'लायब्ररीसाठी नोट' नावाचा चिमुकला चौकोन. पूर्ण सिस्टिममध्ये माझ्या मते तीच सगळ्यात भारी गोष्ट आहे, आणि माझे निम्मे सहकारी तो रिकामा सोडतात. मी त्यात लिहिलं की पुस्तक मराठी आहे, पण फुल्यांनी त्याला इंग्रजी प्रस्तावना लिहिलीय, मराठी न येणाऱ्या मुलांना तेवढीच वाचायचीय, आणि लेखक १८९० मध्ये वारले त्यामुळे मूळ मजकुराच्या कॉपीराइटचा प्रश्न नाही. आमच्या विषयाच्या लायब्रेरियन बाईंना मराठीचा म सुद्धा येत नाही, पण त्यांनी बरोबर ती पानं शोधून वेगळी फाइल केली, मराठी पानं दुसऱ्या फाइलमध्ये, आणि खाली मुलांसाठी एक ओळ टाकली की अमेरिकेत गुलामगिरी मोडणाऱ्या लोकांना केलेली अर्पणपत्रिकाही चुकवू नका. ती मी टाकायला हवी होती, मीच विसरलेले. सेमिनारमध्ये सगळ्यात जास्त बोलणं त्या अर्पणपत्रिकेवरच झालं.

न आवडलेलंही सांगते. देवनागरी स्कॅनचं ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं, रद्दी आहे, जोडाक्षरं आली की संपलंच. माझा एक विद्यार्थी स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरतो आणि त्याला हिंदी येतं, त्याने मराठी पानं हौसेने ऐकायला घेतली तर मशीन नुसतं अक्षरांची भेळ वाचत होतं. शेवटी मीच दोन पानं टाइप करून दिली.

दुसरं ईबुक. लिस्टवर हिरवं 'ऑनलाइन उपलब्ध' दिसतं, पण लायसन्स एकाच वापरकर्त्याचं असेल तर एकाने उघडलं की बाकी ३७ जण बाहेर उभे, राशनच्या रांगेसारखे. निबंधाच्या आदल्या रात्री मला अकरा मेल आले. यात लायब्ररीला दोष देऊन उपयोग नाही, प्रकाशक लायब्रऱ्यांना ईबुक छापील पुस्तकाच्या कितीतरी पट किमतीत विकतात, काही तर विकतच नाहीत, त्यावर इथल्या लायब्रेरियन लोकांनी २०२० मध्ये ईबुकएसओएस म्हणून मोहीम पण काढली. पण किती जणांना एका वेळी उघडता येईल हे लिस्टवरच ठळक दाखवायला काय जातं?

क्लिकचे आकडेही दिसतात. पाचव्या आठवड्याला शून्य क्लिक बघून मी दुखावलेच, वर्गात विचारलं तर पीडीएफ एकाने उतरवून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली. झेरॉक्सवाले काका अमर आहेत.

सुरू करणार असाल तर सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात लिस्ट देऊ नका, मी दिली आणि दोन पुस्तकं नोव्हेंबरात आली. आमची लायब्ररी जुलैमध्येच मागते आणि त्याला कारण आहे. या महिन्यात माझी लिस्ट पुढच्या वर्षासाठी रोलओव्हर झाली, म्हणजे जशीच्या तशी पुढे नेली गेली, सगळे आयटम आले, नोटा पण आल्या. फक्त आठव्या आठवड्यातलं एक मराठी चरित्र गेले तीन आठवडे 'तपासणी चालू' दाखवतंय. 'अ' कुठेतरी कमी पडला असणार, उद्या जाऊन बघते.