प्रेडनिसोलोनचे थेंब : सात महिन्यांनंतर

डोळा लाल झाला तेव्हा वाटलं, डोळे आलेत. पण चिपडं नाहीत, खाज नाही. उजेड मात्र सोसवेना आणि लाली बुबुळाभोवती कड्यासारखी. डॉक्टरांनी स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून दाखवणारं यंत्र) पाहिलं नि म्हणाले, युव्हायटिस. डोळ्याच्या आतली सूज. प्रेडनिसोलोन ॲसिटेट १ टक्का, म्हणजे स्टेरॉइडचे थेंब, दर तासाला, जोडीला बाहुली मोठी करणारं होमॅट्रोपिन.

गुण इतका झटपट आला की तिथेच मी फसलो. दहाव्या दिवशी डोळा पांढराशुभ्र, मग कशाला घालायचे म्हणून परस्पर बंद केले. आठवड्याच्या आत ठणका परत, आधीपेक्षा जोरात. पुन्हा दर तासापासून श्रीगणेशा. नंतर सहा वेळा, चार वेळा, तीन वेळा असं उतरवत आणलं. कॅलेंडरवर फुल्या मारत, डॉक्टर म्हणतील तेव्हाच पुढची पायरी.

दुसरा घोळ बाटलीचा. हे औषध दुधाळ असतं. रात्रभर ठेवलेली बाटली उजेडात धरा, तळाशी पांढरा थर दिसेल. सुरुवातीला मी न हलवता वरचं पाणीच घालत होतो! आता नीट हलवून एकच थेंब, डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोनेक मिनिटं दाबून धरतो. नाहीतर औषध घशात उतरतं, कडू लागतं. दुसरं औषध पाच मिनिटांनी. बाटली फोडल्याची तारीख मार्करने लिहितो, महिन्यानंतर उरलेलं फेकतो.

सहाव्या आठवड्यात डोळ्याचं प्रेशर २८ निघालं. सुरुवातीला १५ होतं. साधारण १० ते २१ ठीक मानतात. दुखणं नाही, धूसर नाही, मला पत्ताच नव्हता. स्टेरॉइडने काहींचं प्रेशर असंच चढतं, आणि ते तसंच राहिलं तर काचबिंदू. लोटेप्रेडनॉल या प्रेशर कमी चढवणाऱ्या स्टेरॉइडवर आणलं, प्रेशर उतरवणारं टिमोलॉल जोडलं (दमा आहे का, हे आधी विचारून), तीन आठवड्यांत १७ झालं. मोतीबिंदूसाठीही दर खेपेला बघतात.

सध्या दिवसाआड एक थेंब.

मध्यंतरी मावशीचा डोळा लाल झाला. "तुझे ते थेंब दे ना रे, तुला लगेच उतार पडला." म्हटलं, "मावशी, हे नाही द्यायचो. नागिणीच्या जातीचा व्हायरस असला तर याने बुबुळाला जखम वाढते. आधी दाखवून ये." चार थेंबांसाठी एवढं काय, म्हणून ती फुगली. दाखवून आली, तर तिला स्टेरॉइड दिलंच नाही. अजून माझ्याशी तुटकच बोलते.