क्रूझ चार्टरवर गेली, बुकिंग रद्द झालं: बदली सफर घेतल्यानंतरचा अनुभव

क्रूझ कंपनीने जहाज चार्टरवर, म्हणजे अख्खंच्या अख्खं एका ग्रुपला भाड्याने दिलं, आणि आमची सफर रद्द करून जो पर्याय पुढे केला, तो स्वीकारून आता बरेच महिने झाले. बदली सफर करून आलो, पैशांचे हिशेबही एक सोडून सगळे मिटले. मेल आल्याआल्या झालेली चिडचिड आता उरलेली नाही, त्यामुळे कुठली गोष्ट खरंच कामाला आली आणि कुठली नुसती कागदावर छान दिसत होती, हे शांतपणे सांगता येईल. कंपनीचं नाव लिहीत नाही. नुकसान जहाजाच्या आतलं कमी आणि बाहेरचं, म्हणजे विमान, हॉटेल, रजा यांचं, जास्त असतं, आणि कंपनीचं पत्र फक्त आतल्याबद्दल बोलतं, हा या सगळ्या प्रकाराचा गाभा आहे.

आमचं बुकिंग साधं नव्हतं. मुलांसाठी आणि आमच्यासाठी मध्ये दार असलेल्या दोन केबिन, आणि त्याच डेकवर सासऱ्यांसाठी व्हीलचेअर जाईल अशी केबिन. ही शेवटची मिळावी म्हणून तर इतक्या आधी डिपॉझिट भरलं होतं. मोठ्या जहाजावर हजाराच्या वर केबिन असतात, पण अशा केबिन मोजक्याच. नेहमीच्या केबिनचं दार अरुंद असतं, खुर्ची आत जात नाही, आणि बाथरूमला उंबरा असतो. खास केबिनचं दार 80 सेंटिमीटरच्या आसपास रुंद, बाथरूम सपाट, आणि बसून अंघोळ करता येईल अशी सोय. कुटुंबातलं एक माणूस खुर्चीवर असलं की तारीख, बंदर, बाल्कनी वगैरे सगळं नंतर येतं, आधी ती केबिन.

मग एक दिवस मेल आला. विषय होता ‘तुमच्या सफरीबद्दल महत्त्वाची माहिती’. पहिल्या दोन परिच्छेदांत आम्ही त्यांच्यासाठी किती मोलाचे आहोत ते. तिसऱ्यात, जहाज त्या आठवड्यासाठी पूर्णपणे एका ग्रुपला दिलं आहे, सबब आपलं आरक्षण चालू ठेवता येणार नाही. खाली तक्ता: दोन पर्यायी तारखा, प्रत्येक केबिनमागे ठरावीक ऑनबोर्ड क्रेडिट (जहाजावर खर्च करायला दिलेली रक्कम), आणि उत्तर द्यायची मुदत. मुदतीत कळवलं नाही तर बुकिंग आपोआप रद्द होऊन पैसे परत जातील, हे वाक्य तळाशी, सगळ्यात बारीक अक्षरात. अ‍ॅप उघडून पाहिलं तर आमची सफर तिथून आधीच गायब होती.

अख्खं जहाज घेतं कोण, असा प्रश्न मलाही पडला होता. मोठ्या कंपन्या आपल्या विक्रेत्यांच्या बक्षीस-सहलींसाठी घेतात. संगीताचे महोत्सव भरतात. ‘70000 टन्स ऑफ मेटल’ हा हेवी मेटलवाल्यांचा महोत्सव 2011 पासून क्रूझवरच होतो. अटलांटिस इव्हेंट्ससारख्या संस्था 1991 पासून एलजीबीटी प्रवाशांसाठी सफरी काढताहेत. 2022 च्या फुटबॉल वर्ल्ड कपला दोहाच्या बंदरात एमएससी या क्रूझ कंपनीची जहाजं तरंगती हॉटेलं म्हणून उभी होती. आणि 2005 मध्ये कतरिना वादळानंतर अमेरिकेच्या फेमा या सरकारी संस्थेने कार्निव्हल या क्रूझ कंपनीची तीन जहाजं सहा महिन्यांसाठी घेतली, तेव्हाही आधी बुकिंग केलेल्यांच्या सफरी रद्द झाल्याच. तशा वेळी कोणी कुरकुर करत नाही. कुणाच्या तरी सेल्स टीमच्या पार्टीसाठी आपली सुट्टी जाते तेव्हा मात्र तोंडातून दोन शब्द निघतातच.

कंपनीच्या बाजूने बघितलं तर हा व्यवहार सोन्याचा आहे. जहाज भरो न भरो, पूर्ण जहाजाचे पैसे मिळतात, जाहिरातीचा खर्च वाचतो, आणि केबिन विकायची डोकेदुखी चार्टर घेणाऱ्याच्या गळ्यात पडते. म्हणून तर प्रवाशांना चुचकारायला त्यांच्याकडे थोडे पैसे मोकळे असतात. हे डोक्यात ठेवूनच बोलणी करावीत. नदीवरच्या जहाजांच्या बाबतीत तर अख्खं जहाज कुणी घेण्याची शक्यता जास्तच. युरोपातल्या नद्यांवरची मोठी जहाजंही 135 मीटर लांबीची, त्यांवर साधारण 190 प्रवासी. तेवढी माणसं जमवणं एखाद्या मोठ्या संस्थेला काय अवघड आहे?

आता पर्यायांकडे. पूर्ण परतावा हा सगळ्यात स्वच्छ दिसणारा मार्ग. कंपनीने स्वतः रद्द केल्यावर ‘नॉन-रिफंडेबल’ म्हणून घेतलेलं डिपॉझिटही परत मिळतं. आमच्या पत्रात तसं स्पष्ट होतं. पण पैसे हातात आल्यावर त्या पैशात तशीच सफर मिळते का, हे आधी बघा. आम्ही बघितलं. तोवर पुढच्या तारखांचे दर चढलेले होते आणि सुट्ट्यांच्या आठवड्यात मध्ये दार असलेल्या केबिन शिल्लकच नव्हत्या. म्हणजे परतावा घेतला असता तर पैसे मिळाले असते, सफर नाही.

बदली सफरीत खरा माल एकच: जुना दर कायम राहतो. बाकी सगळी सजावट. इतक्या महिन्यांनंतरही माझं हेच मत आहे. फक्त त्यातल्या अटी वाचा. जुना दर बहुतेक वेळा तक्त्यातल्या तारखांनाच लागू असतो, दिवस तेवढेच असावे लागतात, आणि हमी केबिनच्या प्रकाराची असते, तुमच्या केबिनची नाही. शिवाय बंदर-शुल्क आणि कर नव्या सफरीप्रमाणे बदलू शकतात.

केबिनच्या प्रकारावरून आमचं घोडं अडलं. पहिल्या तारखेला व्हीलचेअरची केबिन नव्हतीच. दुसऱ्या तारखेला होती, पण वेगळ्या डेकवर. फोनवरच्या बाई गोड बोलत होत्या, पण त्यांचं पालुपद एकच, “तुम्ही आधी होकार कळवा, केबिनचं आपण नंतर बघू.” मी म्हणाले, “मॅडम, केबिन आधी होल्ड करा, नंबर मेलवर पाठवा, होकार त्याच मेलला उत्तर म्हणून देते.” त्यांनी वरिष्ठांना विचारते म्हणून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी मेल आला, तिन्ही केबिनच्या नंबरांसकट, आणि आमच्या दोन केबिन सासऱ्यांच्या डेकवर हलवलेल्या. होकार देईपर्यंतच आपल्या बोलण्याला वजन असतं. नंतर आपण रांगेतले एक.

विमानाचा भाग सगळ्यात दुखरा. क्रूझ रद्द झाली याच्याशी विमान कंपनीला काही देणंघेणं नसतं. तिच्या दृष्टीने विमान ठरल्या वेळी उडणार आहे, तुम्ही बसा नाहीतर बसू नका. आमच्या पत्रात तिकीट बदलण्याचं शुल्क पावत्या दिल्यावर माणशी एका मर्यादेपर्यंत भरून देऊ असं होतं. वाचायला छान. पण आमच्या विमान कंपनीने बदलाचं शुल्क घेतलंच नाही, नव्या तारखेच्या भाड्यातला फरक घेतला, आणि तो भरपूर होता. पत्राप्रमाणे आम्हाला शून्य मिळालं असतं. मी जुनं तिकीट, नवं तिकीट आणि फरकाची पावती अशी एकत्र पीडीएफ पाठवली आणि मर्यादा तीच ठेवून त्यात भाड्यातला फरक धरा, असं लिहिलं. आधी नाही म्हणाले. पुन्हा लिहिल्यावर मान्य केलं. पूर्ण फरक निघाला नाही, पण बराचसा निघाला. फोनवर हे कधीच झालं नसतं. लेखी मागणीला लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि लेखी नकार देताना माणूस दोनदा विचार करतो.

ज्यांचं विमान क्रूझ कंपनीमार्फतच बुक होतं, त्यांचं तिकीट कंपनीने स्वतःच बदलून दिलं, असं बदली सफरीवर भेटलेल्या एका जोडप्याने सांगितलं. एरवी मी त्या मार्गाच्या विरोधात असते, कारण वेळा विचित्र मिळतात. इथे मात्र त्यांचं पारडं जड ठरलं.

विम्याबद्दल थोडक्यात. आजारपण, हवामान, संप, कंपनी बुडणं अशी कारणं पॉलिसीत असतात. कंपनीने व्यवसायासाठी जहाज दुसऱ्याला दिलं, हे कारण आमच्या पॉलिसीत नव्हतं आणि बहुतेक साध्या पॉलिसींत नसतंच. ‘कुठल्याही कारणासाठी रद्द’ असा महागडा प्रकार असतो, पण त्यात साधारण 50 ते 75 टक्केच मिळतात आणि तो पहिलं डिपॉझिट भरल्यावर दोन-तीन आठवड्यांत घ्यावा लागतो. आम्हाला विम्याचा उपयोग इतकाच झाला की विमा कंपनीने पॉलिसीच्या तारखा पुढे सरकवून दिल्या. तेवढं मात्र न विसरता मागा, नाहीतर जुन्या तारखांचा विमा घेऊन नव्या सफरीला जाल.

ऑनबोर्ड क्रेडिट हा या पॅकेजमधला सगळ्यात फुगवलेला भाग. आकडा मोठा दिसतो, पण तो केबिनमागे होता, माणशी नाही. जहाजावरच खर्च करायचा, उरलं तर परत नाही. आम्ही वाय-फाय आणि किनाऱ्यावरच्या एका सहलीत संपवलं. शेवटच्या संध्याकाळी दुकानांत क्रेडिट संपवायला आलेल्यांची जी झुंबड होती, ती बघून त्या रकमेची खरी किंमत कळली. तेवढ्याच किमतीचा केबिनचा वरचा प्रकार मिळत असेल तर तो मागावा, असं आता म्हणेन.

आणि बंदरं. ‘तोच मार्ग’ असं पत्रात होतं, आणि नावं बघितली तर खरंच एक सोडून सगळी तीच. त्या एका बदललेल्या बंदरात जहाज धक्क्याला लागत नव्हतं. बाहेर नांगर टाकून छोट्या बोटींतून लोकांना नेत होते. लाटा असताना चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला त्या बोटीत घेतीलच असं नसतं, आणि त्या दिवशी घेतलं नाही. हे आम्हाला आधीच माहीत होतं, कारण होकार देण्याआधी प्रत्येक बंदरापुढे धक्का की बोट हे विचारून घेतलं होतं. म्हणून त्या दिवसाची सहल सासऱ्यांसाठी घेतलीच नाही. ते वरच्या डेकवर पुस्तक घेऊन बसले आणि आम्ही परत आल्यावर म्हणाले, “तुम्ही उन्हात भाजलात, माझं बरं होतं.” ज्यांना चालायला त्रास होतो, त्यांनी हा प्रश्न नक्की विचारावा. कंपनी आपणहून सांगत नाही.

कायद्याचं काय, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. उत्तर तुम्ही कुठून बुक केलं यावर आहे. युरोपियन युनियनच्या 2015 च्या पॅकेज प्रवासाच्या नियमांप्रमाणे आयोजकाने रद्द केलं तर 14 दिवसांत परतावा द्यावा लागतो, आणि किमान प्रवासी जमले नाहीत किंवा टाळता न येणारी असाधारण परिस्थिती आली, असं कारण नसेल तर वर भरपाईचाही हक्क असतो. जास्त नफ्यासाठी जहाज दुसऱ्याला दिलं, हे या दोन्हीत बसवणं अवघडच. ब्रिटनचे 2018 चे नियमही त्याच साच्यातले. अमेरिकेच्या बंदरातून निघणाऱ्या जहाजांच्या कंपन्यांना मात्र फेडरल मेरिटाइम कमिशन या सरकारी संस्थेकडे प्रवाशांच्या पैशांची हमी ठेवावी लागते, आणि 2022 च्या नियमाने सफर रद्द होणं किंवा तीन वा अधिक दिवस लांबणं परताव्याला पात्र ठरवलं. म्हणजे तिथे भाडं सुरक्षित, बाकीचं तिकिटाच्या करारावर. त्या कराराशी भांडायला जाणाऱ्यांनी एवढं माहीत असू द्यावं की खटला कुठल्या कोर्टात चालेल ही तिकिटावर छापलेली अटसुद्धा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये कार्निव्हलच्या एका खटल्यात वैध ठरवली होती. मी कोर्टाचा विचार सोडून दिला आणि पावत्यांच्या मागे लागले.

बदली सफर स्वतः कशी झाली? चांगली. जहाज तेच, समुद्र जरा खवळलेला, गर्दी थोडी कमी. पाचपैकी साडेतीन देईन. दीड गुण कापले ते रजा पुन्हा मागण्याच्या मनस्तापासाठी, भाड्यातल्या उरलेल्या फरकासाठी आणि ‘आधी होकार द्या’ या आग्रहासाठी.

कुणाला परतावाच बरा? ज्यांची तारीख हलूच शकत नाही, लग्नाचा वाढदिवस किंवा मुलांच्या शाळेची सुट्टी गाठायची आहे, त्यांना. आणि विमानाची तिकिटं अजून काढली नसतील तर त्यांनाही, कारण त्यांचं बाहेरचं नुकसान जवळपास शून्य.

पुढच्या वेळेसाठी एक सवय लागली आहे. बुकिंग केल्यावर अधूनमधून वेबसाइटवर आपली सफर शोधते. सगळ्या प्रकारच्या केबिन एकाच दिवशी ‘सोल्ड आउट’ दिसल्या, आणि पुढच्या-मागच्या आठवड्यात मात्र भरपूर शिल्लक असल्या, की एजंटला फोन. थीम क्रूझ काढणाऱ्यांच्या तारखाही चाळते, कारण त्यांची जाहिरात कधीकधी आपल्या मेलच्या आधी येते.

न मिटलेला हिशेब सफरीच्या आदल्या रात्रीच्या हॉटेलचा आहे. ती पावती कंपनीने दोनदा परत पाठवली, कारण त्यावर प्रवाशांपैकी कुणाचं नाव नव्हतं, कार्ड नणंदेचं होतं. हॉटेलकडून नाव घातलेली पावती मागवली आहे.