ट्रिस, फॉस्फेट आणि हेपेस: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेले आठ महिने एका विकराच्या (एन्झाइमच्या) शुद्धीकरणासाठी आणि त्याची क्रियाशीलता मोजण्यासाठी मी ट्रिस, फॉस्फेट आणि हेपेस हे तीन बफर, म्हणजे द्रावणाचा पीएच (आम्लतेचे माप) स्थिर ठेवणारी रसायने, वापरले. सुरुवात ट्रिसने केली, कारण तो सहज विरघळतो आणि त्याची बाटली प्रयोगशाळेत नेहमीच हाताशी असते. एवढ्यावरून बफर निवडू नये, हे कळायला मला दोन महिने लागले.

ट्रिसचा पीकेए (ज्या पीएचच्या आसपास बफर सर्वांत चांगला काम करतो तो आकडा) २५ अंश सेल्सिअसला सुमारे ८.१ असतो आणि तापमान अंशाअंशाने वाढत गेले की तो दर अंशामागे साधारण ०.०२८ने उतरतो. हा आकडा कागदावर क्षुल्लक वाटतो. मी द्रावणाचा पीएच २५ अंशांना ७.५ करून ठेवत असे, शुद्धीकरण ४ अंशांच्या थंड खोलीत करत असे आणि मोजणी ३७ अंशांना. त्यामुळे थंड खोलीत तोच पीएच ८.१च्या आसपास चढत होता आणि मोजणीच्या वेळी ७.२च्या जवळ उतरत होता. विकरच अस्थिर आहे, असे मी वहीत लिहूनही टाकले होते.

त्यानंतर फॉस्फेटकडे वळलो. त्याचा या पल्ल्यातला पीकेए ७.२ असून तापमानाने तो फारसा हलत नाही, म्हणून प्रश्न सुटला असे वाटले. परंतु माझ्या विकराला कॅल्शियम लागते, आणि कॅल्शियम क्लोराइड घालताच नळीत पांढरा साका बसू लागला. शिवाय सोडियम फॉस्फेटमधले नमुने गोठवले की डायसोडियम फॉस्फेटचे स्फटिक आधी वेगळे होतात आणि उरलेला द्रव बराच आम्लधर्मी बनतो. पोटॅशियम फॉस्फेटमध्ये हा त्रास कमी होतो. कॅल्शियमची अडचण मात्र तशीच राहते.

सध्या मोजणीसाठी हेपेस वापरतो. नॉर्मन गुड आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये जैविक कामासाठी मांडलेल्या बफरांपैकी हा एक आहे. पीकेए सुमारे ७.५, तापमानाचा परिणाम ट्रिसच्या निम्मा, आणि कॅल्शियमला तो जवळजवळ धरून ठेवत नाही. पहिल्या प्रयोगात तो १० मिलिमोलार (संहतीचे एकक) घेतला होता, परंतु अभिक्रियेतून सुटणाऱ्या आम्लापुढे तो टिकला नाही. ५० मिलिमोलारला मोजणीची रेष सरळ आली. तोही निर्दोष नाही. रायबोफ्लेविन (ब२ जीवनसत्त्व) असलेल्या माध्यमात त्याच्यावर प्रकाश पडला की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, म्हणून पेशीसंवर्धनाचे असे माध्यम अंधारात ठेवावे लागते. लॉरी पद्धतीने प्रथिने मोजतानाही तो अडथळा आणतो, आणि त्या बाबतीत ट्रिसही काही साळसूद नाही.

बनवण्याच्या पद्धतीत एकच बदल केला: हेपेसचे आम्लरूप पाण्यात विरघळवून सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालतो आणि पीएच पुढे गेला तर आम्लाने मागे आणत नाही, नवीन द्रावण करतो. मागे आणल्यास मीठ वाढते, आणि माझे विकर मिठाला संवेदनशील आहे.

ट्रिस मी टाकून दिलेला नाही. डीएनए साठवण्यासाठी १० मिलिमोलार ट्रिस आणि १ मिलिमोलार ईडीटीए (धातूंचे आयन धरून ठेवणारे रसायन), पीएच ८, हे जुने मिश्रण अजूनही माझ्याकडे चालते. फॉर्मल्डिहाइडने पेशी स्थिर करताना मात्र तो दूर ठेवतो, कारण त्याचा अमिनो गट अल्डिहाइडशी अभिक्रिया करतो.