अँटिऑक्सिडंट कॅप्सूल : पॅकिंग मस्त, पण लेबलवरचं सायन्स जुनं

आईबाबांसाठी ही 'अँटी-एजिंग' वाली अँटिऑक्सिडंट कॅप्सूल मागवली. ब्रँडचं नाव टाकत नाही, कारण या प्रकारातल्या बऱ्याच बाटल्यांवर थोड्याफार फरकाने हेच लिहिलेलं असतं. व्हिटॅमिन सी १००० मिलिग्रॅम, व्हिटॅमिन ई ४०० आययू, बीटा कॅरोटीन आणि वर एसओडी (सुपरऑक्साइड डिसम्युटेज) नावाचं एन्झाइम. सील नीट, एक्स्पायरी लांबची, गिळायला सोपी. त्यात खोट काढायला जागा नाही.

प्रॉब्लेम दाव्याचा आहे. म्हणे लोखंड गंजतं तसं शरीर आतून गंजतं, फ्री रॅडिकल्स (शरीरात ऑक्सिजन वापरला जाताना तयार होणारे, कशाशीही पटकन रिॲक्शन करणारे कण) पेशी खराब करतात आणि ही कॅप्सूल ते थांबवते म्हणून म्हातारपण लांबतं. आता ही आयडिया कोणी हवेतून काढलेली नाही, डेनम हार्मन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये ती मांडली, आधी शेल कंपनीत केमिस्ट होते मग डॉक्टर झाले, आणि १९७२ मध्ये त्यांनी मायटोकॉन्ड्रियावर, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागावर, बोट ठेवलं कारण पेशीतला बहुतेक ऑक्सिजन तिथेच खर्च होतो. मला या माणसाबद्दल फार आदर आहे, म्हातारपणामागे काही केमिस्ट्री असेल आणि ती तपासता येईल हा विचारच केवढा मोठा! पण लेबल तिथेच थांबलंय, रिसर्च थांबला नाही.

नेकेड मोल रॅट नावाचा उंदरासारखा प्राणी आहे, त्याच्या शरीरात ऑक्सिडेटिव्ह डॅमेज, म्हणजे हाच 'गंज', तरुणपणापासूनच भरपूर दिसतं आणि तरी तो ३० वर्षांच्या वर जगतो. साधा उंदीर दोन-तीन वर्षांत संपतो. म्हणजे गंज आणि वय यांचं गणित इतकं सरळ नाहीये. शिवाय हेच फ्री रॅडिकल्स शरीराला लागतात पण, पांढऱ्या पेशी त्यांच्याच जोरावर जंतू मारतात, आणि व्यायाम केल्यावर जे थोडे वाढतात तो स्नायूंना 'सुधारा आता' असा सिग्नल असतो. २००९ मध्ये जर्मनीतल्या एका अभ्यासात व्यायाम करणाऱ्यांना रोज सी १००० मिलिग्रॅम आणि ई ४०० आययू दिलं, म्हणजे बघा अगदी या बाटलीवरचाच डोस, तर व्यायामाने इन्सुलिनला शरीर जो चांगला प्रतिसाद द्यायला लागतं तो फायदा त्यांना मिळालाच नाही. माझी आई रोज तासभर चालते, तिच्या चालण्यावर मी पाणी का टाकू?

एसओडीचं म्हणाल तर ते फ्री रॅडिकल्स निकामी करणारं प्रोटीन आहे, साधं तोंडाने घेतलं की बाकीच्या प्रोटीनसारखं बरंचसं पचून जातं. शरीर स्वतःचं एसओडी बनवतंच, १९६९ मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच या शास्त्रज्ञांनी ते दाखवून दिलं. बाटलीवर ते मोठ्या अक्षरात छापलंय याचं मला वाईट वाटलं.

आणि सगळ्यात जास्त राग आला तो बीटा कॅरोटीनवरून. फिनलंडमध्ये २९ हजारांवर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठी ट्रायल झाली, १९९४ मध्ये रिझल्ट आला, बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. अमेरिकेतली तशीच एक ट्रायल १९९६ मध्ये मुदतीआधीच बंद करावी लागली. नुसत्या व्हिटॅमिन ईचं पण तेच, ४०० आययू रोज घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्के जास्त निघाला, तो रिझल्ट २०११ चा. माझे बाबा सिगारेट ओढतात. बाटली पूर्ण फिरवून बघितली, बारीक अक्षरं पण वाचली, ओढणाऱ्यांसाठी एक ओळ नाही.

डॉक्टरांनी कमतरता बघून एखादं व्हिटॅमिन लिहून दिलं असेल तर तो विषय वेगळा, ते बंद करू नका. वय थांबवायला म्हणून घेणार असाल तर माझ्याकडून नाही. पाचपैकी एक स्टार, तो पॅकिंगचा. कंपनीला मेल केलाय की दावा काढा, आणि ते जमत नसेल तर निदान धूम्रपान करणाऱ्यांसाठीचा इशारा तरी पुढच्या बॅचवर समोरच्या बाजूला छापा.